कॅलेंडरवर न आलेला चेहरा

मित्रांनो, मी एक जुने तैलचित्र आहे. दिवाणखान्यात मिरवायला नव्हे, केसांचे तेल खपावे म्हणून मला काढले. हसू नका, त्या तेलाच्या जिवावर माझ्यावरून छापलेले कॅलेंडर कधीकाळी चांगलेच गाजलेले आहे.

टेंभुर्णीचे चित्रकार भिवा यांनी मला रंगवले. जालन्याच्या एका तेलवाल्या शेठजींनी सांगितले होते, "लांब केसांची बाई पाहिजे." भिवांनी शोधाशोध केलीच नाही. बायकोलाच, सत्यशीलेला, ओसरीत बसवले. तिचा सावळा रंग, हनुवटीवरचा भाजल्याचा डाग, कानामागे खोचलेली बट, सगळे जसेच्या तसे उतरवले. हात तेवढा रिकामा ठेवला. तेलाची बाटली छापखान्यात वेगळी चिकटवायची, अशी तेव्हा पद्धतच होती. सत्यशीला बघायला उठली की भिवा म्हणायचे, "पुरं झाल्याबिगर बघायचं न्हाई." आणि पुरे झाले त्या दिवशी ती कापूस वेचायला गेलेली. नेमकी तेव्हाच शेठजींची जीप आली आणि मला घेऊन गेली.

कॅलेंडर छापून आले तर काय, बाई गोरीपान! डाग गायब. शेठजी बेहद्द खूश. घरोघरी ती गोरी बाई लागली, खुद्द सत्यशीलेच्या घरीसुद्धा. मी मात्र गोदामात, पेंडीच्या पोत्यांमागे. भिवा वारल्याचेही मला तिथेच, हमालांच्या बोलण्यातून कळले. त्यानंतर एकच आस उरली. जिला बघून मला काढले, तिने मला एकदा तरी बघावे.

परवा शेठजींची नात कल्याणी गोदाम रिकामे करायला आली. तिला ते तेल पुन्हा बाजारात आणायचे आहे. मला पाहून ती हरखली आणि लगेच रंगारी धर्मराजला म्हणाली, "कॅलेंडरसारखा चेहरा उजळ करून द्या." तशी पोरगी वाईट नाही. चित्रकाराच्या घरी विचारलेले बरे, म्हणून तिने फोन केला. दुसऱ्या दिवशी सत्यशीला आली, नात प्रीतीचा हात धरून. पार वाकलेली, पण मी ओळखले.

धर्मराजने रंग कालवून ठेवला होता. कल्याणीने विचारले, "आजी, चेहरा जरा उजळ करू ना?"

सत्यशीलेने पदराने चष्मा पुसला. जवळ आली, आणखी जवळ आली. किती तरी वेळ बघत राहिली.

"प्रीते," ती म्हणाली, "एवढं बारीक बघत व्हते का गं ते मला? घरात तर मान वर करून बोलले न्हाईत कधी."

कल्याणीने धर्मराजला रंग आवरायला सांगितला. सत्यशीला तिथेच पोत्यावर टेकली. ब्रश हातात तसाच धरून भिवा तिच्याकडे कसे पाहत बसायचे, ते तिला सांगावे असे फार वाटले मला. पण चित्राला कुठले आलेय बोलणे?

म्हणून तुम्हाला सांगते मित्रांनो, जुने चित्र सापडले तर धूळ पुसा, ओलीपासून जपा, पण त्यातला चेहरा बदलू नका. कोणीतरी त्या माणसाकडे जीव लावून पाहिलेले असते, आणि तोंडाने सांगायचे राहून गेलेले असते.