सहा तास उजेड

माझी बायको दवाखान्यात भरती झाली तेव्हा तिने मला दोन गोष्टी बजावल्या. एक, तिच्यासमोर रडायचं नाही. दुसरी, तिची टाकी सांभाळायची. पहिली गोष्ट मी कशीबशी पाळली. दुसरीची पार वाट लावली.

टाकी म्हणजे चार फुटी काचेची, बाहेरच्या खोलीत खिडकीशेजारी ठेवलेली. लोक मासे पाळतात, हिने झाडं पाळली होती. तळाला काळी माती, मधोमध एक वाकडा ओंडका, त्याला दोऱ्याने बांधलेली रुंद पानांची झुडपं, मागे उंच काड्यांची रांग, त्यात एकच लाल झाड, आणि पुढे नखाएवढ्या पानांचा गालिचा. मासे होते तीस-पस्तीस, पण बोटाच्या पेराएवढे. शिवाय चौदा झिंगे, इतके पारदर्शक की हलले तरच दिसायचे. चार वर्षं ती रोज संध्याकाळी त्या टाकीसमोर मांडी घालून बसायची. मी कामावरून आलो की मला आधी तिची पाठ दिसायची.

तिला रक्ताचा आजार होता. हाडांतली मज्जा बदलायची होती आणि त्यासाठी दोन महिने एका बंद खोलीत राहायचं होतं. मला दिवसातून अर्धा तास आत सोडायचे, तेही मास्क, टोपी, झगा सगळं चढवून. बाकी वेळ फोन.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. बंद पडलेली लिफ्ट उघडायची, बिघडलेला भाग शोधायचा, बदलायचा, बटण दाबून बघायचं. दिवस त्यात निघून जायचा. पण घरी आलो की घर खायला उठायचं. त्या रिकाम्या घरात माझी वाट बघणारे तेवढे मासेच. मी दिसलो की सगळे काचेपाशी गोळा व्हायचे. मग मी त्यांना खायला घालायचो. सकाळी एकदा, आल्यावर एकदा, झोपताना एकदा. टाकीवरचा दिवा मी पहाटे लावायचो तो थेट झोपताना बंद करायचो, कारण दिवा बंद केला की खोली मेल्यासारखी वाटायची. खिडकीचा पडदाही सरकवून ठेवला होता. म्हटलं, झाडांना ऊन मिळेल, जोमाने वाढतील.

वाढली. पण झाडं नाही.

आधी काचेवर हिरवी साय धरली. मी ती फडक्याने पुसली, दोन दिवसांत परत आली. मग ओंडक्यावर हिरवे केस उगवले. बघता बघता ते केस झाडांच्या पानापानांत गुंतले, पुढचा गालिचा त्याखाली दिसेनासा झाला आणि पाणी चिखलट झालं. फिल्टरचा स्पंज काढून मी नळाखाली घासघासून धुतला. चकाचक केला. त्यानंतर शेवाळ दुप्पट वेगाने वाढलं.

"टाकी कशी आहे रे?" ती रोज विचारायची.

"एकदम झकास," मी म्हणायचो आणि फोनमधले जुने फोटो शोधून तिला पाठवायचो.

शेवटी दुकानातून शेवाळ मारायच्या औषधाची बाटली आणली. बाटलीवर लिहिलं होतं त्याच्या दीडपट ओतलं, कारण शेवाळही तसंच दांडगं होतं. सकाळी उठून बघतो तर शेवाळ जरा पिवळं पडलेलं आणि अकरा झिंगे उताणे. मी ते चमच्याने एकेक करून बाहेर काढले. दवाखान्यात आवरून धरलेलं सगळं रडू मला त्या अकरा झिंग्यांवर आलं.

त्याच्या तिसऱ्या दिवशी दार वाजलं. दारात सासूबाई. हातात एक बॅग, पायात रबरी चपला.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्या मला सरळ म्हणाल्या होत्या, "हसवाल तुम्ही तिला, ते दिसतंच आहे. सांभाळाल का, ते मात्र मला दिसत नाही." मी तेव्हा तरुण होतो, डोक्यात राख घालून घेतली. आठ वर्षं त्यांच्या घरची पायरी चढलो नव्हतो. बायको एकटीच माहेरी जायची. दवाखान्यातही आम्ही आळीपाळीने जायचो, समोरासमोर यायचं टाळून.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

मी बाजूला झालो. त्या आल्या, बॅग खाली ठेवली आणि टाकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. सासूबाईंनी तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या शुद्धीकरण केंद्रात, प्रयोगशाळेत नोकरी केली होती. रोज सकाळी तलावाच्या पाण्याचे नमुने तपासायचे आणि औषध किती घालायचं ते मापायचं, हेच काम. त्यांनी चष्मा पुसला आणि मला विचारायला सुरुवात केली. आवाजात राग नव्हता. तिथे नमुना घेऊन आलेल्या माणसाशी बोलत असतील तशा त्या बोलत होत्या.

"दिवा किती तास?"

"पंधरा... सोळा असेल."

"पडदा उघडाच असतो?"

"हो."

"खाणं?"

"तीनदा."

"स्पंज कुठल्या पाण्यात धुतला?"

"नळाच्या. स्वच्छ केला एकदम."

"त्यात जंतू राहतात, जावईबापू. चांगले जंतू, घाण पचवणारे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. मीच तीस वर्षं मापून घालत आले, मला ठाऊक आहे ते काय करतं." त्यांनी टाकीत बोट घातलं, एक हिरवा केस उचलून उजेडात धरला. "हे बाहेरून चालून आलेलं नाही. आपणच त्याला जेवू घातलंय. उजेड जास्त, खाणं जास्त. झाडांना जेवढं पेलवतं त्याच्या वरचं सगळं ह्याच्या पोटात जातं."

"मला वाटलं, जास्त केलं तर बरं."

"तसंच वाटतं," त्या म्हणाल्या. त्यांनी औषधाची बाटली उचलली, माळ्यावर ठेवली आणि साडीचा पदर खोचला.

त्या दिवशी आम्ही चार तास टाकीत हात घालून होतो. जुना टूथब्रश केसांत खुपसायचा आणि काडीवर लोकर गुंडाळावी तसा फिरवायचा, की गुंता सुटून येतो. ज्या पानांवर शेवाळ घट्ट बसलं होतं ती सरळ कापली. नळीने तळाचा गाळ ओढून निम्मं पाणी काढलं. नळाचं पाणी क्लोरीन उडून जावं म्हणून रात्रभर बादल्यांत भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी टाकीत घातलं. दिव्याला टायमर लावला. रोज सहा तास उजेड, मिनिटभरही जास्त नाही. पडदा बंद. खाणं एका दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल एवढंच. दुकानातून भराभर वाढणारी काड्यांची झाडं आणि पाण्यावर तरंगणारी थोडी पानं आणली. शेवाळाच्या तोंडचा घास ती पळवणार होती.

मासे काचेपाशी येऊन तोंड वासायचे. माझा जीव तुटायचा.

"भुकेले आहेत हो."

"भूक नाही ती, सवय आहे. तुमची आणि त्यांची."

एक आठवडा गेला, दीड गेला. शेवाळ कमी व्हायचं नाव घेईना. रविवारी काढावं, बुधवारी परत. तिकडे दवाखान्यात मज्जा बदलून झाली होती, पण हिच्या रक्ताचे आकडेही वर यायला तयार नव्हते. डॉक्टरीणबाई रोज कागद बघायच्या आणि म्हणायच्या, "थांबू या अजून." त्या बुधवारी हिला ताप भरला आणि मला अर्धा तासही आत सोडलं नाही. घरी आलो, टाकीत हिरवे केस हलताना दिसले आणि मी स्टूल ओढून माळ्यावरची बाटली काढली.

"काय करताय?" सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"दहा दिवस झाले! काहीही फरक नाही. काहीतरी करायला नको का?"

"करतोच आहोत."

"काय करतोय? नुसतं कमी, कमी, कमी! उजेड कमी, खाणं कमी. हातावर हात ठेवून बसलोय आपण!"

त्या माझ्याशी वाद घालतील असं मला वाटलं होतं. पण त्या खुर्चीवर बसल्या आणि दवाखान्यातून फोन येईल म्हणून धरलेला फोन मांडीवर ठेवला. ताप त्यांच्या मुलीलाच होता, हे मी त्या संतापात विसरलो होतो.

"केंद्रात एकदा तलाव असाच हिरवा झाला होता," त्या म्हणाल्या. "साहेब म्हणाले, औषध वाढवा. आम्ही वाढवलं. वरचं शेवाळ मेलं, तळाला जाऊन कुजलं, आणि पाण्याला जो वास सुटला तो महिनाभर गेला नाही. थांबणं हे पण काम असतं. मला नाही जमत ते, कुणालाच नाही जमत. पण दोघं असली की जरा जमतं." मग खाली बघत म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी मी तुम्हाला बोलले होते ते चुकलंच माझं. ती आजारी पडल्यापासून बघते आहे मी. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात, संध्याकाळी दवाखान्यात, आणि घरी येऊन हे. सांगायचं होतं कधीचं, तोंड उघडत नव्हतं."

मी स्टुलावर बाटली धरून तसाच उभा. खाली उतरलो, बाटली केराच्या डब्यात टाकली आणि म्हणालो, "चहा टाकतो, आई."

आम्ही चहा प्यालो. मग टूथब्रश घेऊन परत कामाला लागलो.

सोळाव्या दिवशी मला एक नवं पान दिसलं. उंच काडीच्या शेंड्यावर, कोवळं, हिरवंगार आणि त्यावर शेवाळाचा एक धागा नाही. मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून ते पान असं बघितलं, जणू नातवंडच. तीन आठवडे झाले तेव्हा काच चार-चार दिवस स्वच्छ राहू लागली. दुपारी पानांवर बारीक बुडबुडे धरायचे आणि एकेक करून वर सुटायचे. उरलेले तीन झिंगे ओंडक्यावर बसून राहिलेला गुंता चिमट्यांनी खात होते.

हिचा ताप त्या आधीच उतरला होता. रक्ताचे आकडे हळूहळू वर येत होते. मी टाकीचा फोटो काढून पाठवला. या खेपेला ताजा.

तिचा लगेच फोन आला. "हा खरा आहे!"

"म्हणजे?"

"अरे, आधीच्या फोटोंत लाल झाडाचा शेंडा होता. तो मी भरती व्हायच्या आदल्या दिवशी कापला होता. मला पहिल्याच दिवशी कळलं." ती हसत होती. कितीतरी दिवसांनी मी तिला असं खळखळून हसताना ऐकत होतो. "तू थापा मारायला लागलास म्हणजे तुझं काही खरं नाही, हे ओळखलं मी. म्हणून तर आईला म्हटलं, टाकी बघायच्या निमित्ताने जा आणि जरा त्याच्याकडे बघ."

मी सासूबाईंकडे वळून बघितलं. त्या मुद्दाम बादलीत डोकं घालून बसल्या होत्या.

आज ती घरी येऊन पाच महिने झालेत. केस बोटभर वाढलेत, जिना एका दमात चढते. टाकीच्या पाण्यात हात घालायला डॉक्टरीणबाईंची अजून वर्षभर मनाई आहे, म्हणून ती लांब खुर्चीवर बसून नुसती हुकूम सोडते. "डावीकडचं कापा. अगं आई, ते नाही, त्याच्या मागचं!" आणि आम्ही दोघं मुकाट्याने कापतो.

सासूबाई राहिल्यात इथेच. त्यांचा हात टाकीच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, टाचा उंचावून पाय दुखतात. मागच्या आठवड्यात कामावरच्या टाकाऊ लोखंडी पट्ट्यांतून मी त्यांच्यासाठी दोन पायऱ्यांची एक घोडी बनवली, वर घट्ट रबर बसवलं. आभार मानायचे तर ते तोंडाने मला येत नाहीत. लोखंडात जरा बरे येतात.

त्यांनी आधी ती हाताने हलवून बघितली. मग एक पाय ठेवला, मग दुसरा. कुठे डुगडुगत नाही अशी खात्री झाल्यावर बाह्या वर केल्या आणि माझ्यापुढे हात केला.

मी त्यांच्या हातात नळी दिली, आणि खाली बादली धरून बसलो.