दहाव्या महिन्यातल्या म्हशी

धाड गावाजवळ उकंडरावांच्या गोठ्यात दिवाळीपासून शिमग्यापर्यंत तीन म्हशी मेल्या. तिन्ही गाभण होत्या आणि तिन्हींना दहावा महिना लागला होता. त्याच गोठ्यातले चार बैल आणि सहा शेळ्या धडधाकट राहिल्या.

पशुवैद्यक अश्विनी तिसऱ्या म्हशीच्या शवविच्छेदनाला पोचली, तेव्हा गावाने निकाल देऊन टाकला होता. सरकीची ढेप गाभणींनाच घालतात. ढेप अब्दुल गनीच्या दुकानातली. म्हणजे विष गनीच्या ढेपेत. गेल्या दोन आठवडी बाजारांत त्याच्या पोत्याला कोणी हात लावला नव्हता. तोही आला होता आणि बांधावर सारखा पाय बदलत उभा होता. पंचांपुढे ढेपेची मूठ स्वतः खाऊन दाखवली, असे त्याने अश्विनीला सांगितले.

"मंग? तू काय गाभण हायेस का बे?" उकंडराव म्हणाले.

लोक हसले. अश्विनीला हसू आले नाही, कारण टोमण्यात तर्क होता. ढेप आणि गर्भ दोन्ही त्याच जनावरांच्या वाट्याला आले होते. मारणारे कोणते, हे मेलेल्या म्हशी मोजून ठरणार नव्हते. ढेपेच्या नमुन्याचा अहवाल यायला महिना लागणार होता, आणि तोवर गनीचे दुकान टिकले नसते. इकडे ऊन चढत होते, म्हशीचे पोट तासातासाला फुगत होते.

तिने म्हशीच्या चार पोटांपैकी मोठे पोट पाहिले, आतडी पाहिली. विषाची खूण नव्हती. पण खूण नसणे हा पुरावा नव्हे. छातीखाली मात्र सूज होती; ती तिला स्वस्थ बसू देईना. तिने छाती उघडली. हृदयाचे आवरण चामड्यासारखे जाड झाले होते आणि आत तांब्याभर पू होता. चाचपताना बोटाला टोचले. दोन इंचांची तार. तिचे एक टोक हृदयात, दुसरे छाती आणि पोटामधल्या पडद्यापलीकडे, पोटात.

मग कुटाराच्या, म्हणजे म्हशींना घालायच्या सोयाबीनच्या भुशाच्या, ढिगात तिने लोहचुंबक फिरवला. तसेच नऊ तुकडे निघाले.

उकंडरावांनी एक तुकडा तळहातावर घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. "हे तं माह्या झटका मशीनची तार हाय. रानातल्या रोह्यायनं ते करंटाचं कुंपण तोडलं व्हतं. सोयाबीनच्या गंजीतून मळणीयंत्रात गेली असंन."

गनी एवढेच म्हणाला, "मॅडम, कागदावर लिहा. तोंडी कोनी ऐकत नाही."

अश्विनीने तिथेच लिहिले आणि जमलेल्या पंचांना वाचून दाखवले:

"शेळी ओठांनी निवडून खाते. म्हैस चारा जिभेने ओढते आणि न चावता गिळते. मालकाच्या कुंपणाची तार कुटारातून म्हशीच्या दुसऱ्या पोटात गेली. असे तुकडे बैलांच्या पोटातही असू शकतात. पण म्हशीच्या वाढलेल्या गर्भाने दहाव्या महिन्यात पोट पुढे रेटले, तेव्हा तार पडदा भेदून हृदयात शिरली. आधीच्या दोघींच्या छातीखाली अशीच सूज होती, असे मालक सांगतात. या म्हशीचा मृत्यू तारेने झाला आहे, ढेपेने नाही."