एप्रिलमधले अठरा अंश

मागच्या वर्षीच्या मुलांची वही आणायची आणि प्रयोग न करताच आकडे उतरवायचे, हे कोणत्या कॉलेजात चालत नाही? १९५९ साली गोंदियाच्या एका नव्या कॉलेजात तर याला कुणी चोरी म्हणतच नव्हतं.

तिरोड्याचे शेतकरी रूपलालजी यांची शामकला ही विज्ञानाच्या वर्गातली एकटीच मुलगी. नापास झालीस तर सरळ लग्न, असं वडिलांनी बजावलेलं. भीतीपोटी तिनेही वही उतरवली. पण ते आकडे होते जानेवारीतले! एप्रिलच्या रणरणत्या दुपारी टाकीचं पाणी हाताला चटके देत होतं, आणि हिच्या वहीत पाण्याचं तापमान अठरा अंश. नागपूरला वीस वर्षं भौतिक रसायनशास्त्र शिकवून इकडच्या मुलांसाठी मुद्दाम आलेल्या प्राध्यापक जोसेफ शालीकरामांनी तिला नापास केलं.

घरी ती एवढंच म्हणाली, सरांनी नापास केलं. बाकीचं रूपलालजींनीच जुळवलं. मास्तर किरिस्ताव, म्हणून! कॉलेज चालवणाऱ्या संस्थेकडे तक्रारीचा अर्ज गेला. चर्चमध्ये गुडघे टेकणारा कसलं विज्ञान शिकवणार, असंही लोक बोलू लागले. सरांची नोकरी जायची वेळ आली.

शामकला घाबरून प्रयोगशाळेत गेली.

"सर, तुम्ही गप्प काऊन? माझी वही दाखवा ना त्यांना."

"वही दाखवली तर माझी नोकरी वाचेल, पण तुझं शिक्षण जाईल. ते तूच ठरव, बेटा."

"तुम्ही विज्ञानवाले, तरी प्रयोगाआधी रोज प्रार्थना करता. देवाला मागता तरी काय?"

"उत्तर बरोबर येऊ दे, असं कधीच मागत नाही," सर म्हणाले. "चुकलं तरी तेच लिहायची हिंमत मागतो. विज्ञानही तेवढंच मागतं."

अर्जावर संस्थेने बोलावलेल्या सभेत रूपलालजी तावातावाने बोलत होते. शामकला उठली.

"बाबूजी, मी नकल केली. ते आकडे माझे नव्हतेच."

रूपलालजी उठून सरांसमोर गेले.

"मास्तर, पोरगी खरं बोलली. आता तरी पास करान?"

"नाही."

झालं, आता लग्न! शामकलाला वाटलं.

रूपलालजी खाली मान घालून म्हणाले, "मंग पुढच्या साली तुमीच शिकवा तिले. मी तुमचा धरम पाह्यला, पोरीची वही पाह्यलीच नाही."

शामकलाचं वर्ष गेलं ते गेलंच. पण मित्रमैत्रिणींनो, ती गप्प बसली असती तर एका सच्च्या माणसाचं आयुष्यभराचं काम गेलं असतं. आपली चूक झाकायला कुणी दुसऱ्याचा धर्म पुढे केला तरी गप्प राहणं, हे सगळ्यात मोठं खोटं आहे!