साक्षीदाराच्या रकान्यात

कौसल्या गेल्याचं परळच्या हॉस्पिटलात डॉक्टर मला सांगत होते, तेव्हा माझ्या खिशातला फोन वाजत होता. बाहेर येऊन मी तो उचलला. का उचलला, माहीत नाही.

"काका, अभिनंदन! आरसी आली. गाडी तुमच्या नावावर झाली. पेढे कधी देताय?"

भायखळ्याचा उन्मेष होता. जुन्या गाड्या विकतो.

"ती गेली," मी म्हणालो.

"कोण? गाडी?"

मी फोन बंद केला. बायको गेल्याचं मी पहिल्यांदा सांगितलं ते या माणसाला. त्याचा राग माझ्या मनातून जात नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

गाडी कौसल्याची होती. आमच्या नायगावच्या खोलीत बसून ती हिंदमाताच्या दुकानांतल्या साड्यांना फॉल-बिडिंग करायची. साड्यांची गाठोडी घेऊन रस्त्यावर उभी राहिली की टॅक्सीवाला गाठोडं बघून पुढे निघून जायचा. "एक दिवस हॉर्न मारून बाजूला काढते की नाही बघा यांना," म्हणायची. पन्नाशी उलटल्यावर ती ड्रायव्हिंग शिकली आणि लायसन्स काढून आली. मला गाडी चालवता येत नाही. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला, हे मला आजही सांगता येणार नाही.

उन्मेषच्या समोर बसून तिने स्पष्ट सांगितलं होतं, गाडी तिच्याच नावावर करायची. चेक तिच्या खात्याचा होता. उन्मेषने पत्त्याला लागतं म्हणून माझंही आधार कार्ड घेतलं. करार इंग्रजीत होता. सोबत आरटीओचे फॉर्मही होते. तो बोट ठेवत गेला, आम्ही सह्या करत गेलो.

घरी आल्यावर तिने चष्मा लावून शब्दाला शब्द लावत करार वाचला आणि हसायला लागली.

"अहो, ऐका. खरेदीदार, रमाकांत. साक्षीदार, कौसल्या."

"चुकून झालं असेल."

"चुकून कसलं? लग्न झाल्यापासून तेच करतेय मी. नाव तुमचं, आणि मी आपली साक्षीला."

हसून झालं तशी ती उठली. आम्ही त्याच पावली भायखळ्याला परत गेलो.

उन्मेषने करार बघितला आणि खांदे उडवले. "मायनर मिस्टेक आहे ताई. घरचीच गाडी ना? यांच्या नावावर काय, नि तुमच्या नावावर काय."

"मग तुमच्या दुकानावर तुमच्या बायकोच्या नावाची पाटी लावा. दुकानही घरचंच आहे."

तो हसला. बाजूला उभं असलेलं गिऱ्हाईकही हसलं. कौसल्या हसली नाही.

"दुसरा करार करा. तोवर आरटीओत कागद द्यायचे नाहीत."

"थांबवतो ताई. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

गाडी ताब्यात मिळाली, पण नव्या करारासाठी ती रोज फोन करायची. कधी माणूस सुट्टीवर, कधी प्रिंटर बंद. एका सकाळी मशीनवर बसल्या बसल्या तिच्या छातीत कळ आली. आणि त्याच दिवशी या माणसाचा फोन आला, अभिनंदन करायला. थांबवतो म्हणाला होता ते कागद त्याने कधीच आरटीओत देऊन टाकले होते.

जलदान विधी झाल्यावर मी दुकानात गेलो. उन्मेषने चहा मागवला. मी घेतला नाही.

"काका, वाईट झालं. पण एका परीने बरंच झालं बघा. ताईंच्या नावावर असती तर आता वारस दाखला, एफिडेविट, किती लफडी. गाडी आधीच तुमच्या नावावर. तुमचे चपला झिजवायचे कष्ट वाचले."

"मी ते मागितलं होतं?"

"आता काय फरक पडतो काका? ऐका माझं. सीट कव्हर नवीन टाकून देतो. फ्री."

मी त्याच्या टेबलावर हात आपटला. चहा सांडला. तो टेबल पुसायला लागला, पण चूक झाली असं काही म्हणाला नाही. मी तेवढंच ऐकायला गेलो होतो.

कौसल्याची भाची सीमा वकील आहे, दादरला बसते. मी कागद तिच्यापुढे टाकले. तिने ते वाचले, मावशीचा फोन मागितला, त्यातला उन्मेषचा मेसेज काढला. 'कौसल्या मॅडम, तुमची गाडी रेडी आहे.' तो करार व्हायच्या आधीचा होता.

"काका, दोघांच्या चुकीने किंवा एकाच्या लबाडीने ठरलेली गोष्ट कागदावर वेगळी उतरली, तर कोर्टाकडून करार दुरुस्त करून मागता येतो. माणूस गेलं तरी त्याच्या वारसाला मागता येतो. चेक मावशीचा, मेसेज मावशीला, लायसन्स मावशीचं. आपली बाजू चांगली आहे."

"आरसीवर नाव येईल?"

"नाही. गेलेल्या माणसाच्या नावावर आरटीओ गाडी चढवत नाही. फक्त करार दुरुस्त होईल. आणि काका, तो झाला तरी वारस तुम्हीच. गाडी फिरून तुमच्याकडेच येणार. कोर्टात वर्षं जातील. उगाच कशाला, असं कोणीही म्हणेल."

"येऊ दे माझ्याकडे," मी म्हणालो. "पण तिच्याकडून येऊ दे. त्या उन्मेषकडून नको."

सीमाने डोळे पुसले आणि नोटीस लिहायला घेतली.

नोटीस मिळाल्यावर उन्मेषने मला फोन केला. आता काका वगैरे काही नाही. "बायको गेल्यावर कोणी असला तमाशा करतं का? चूक झाली असं लिहून दिलं तर आरटीओत मीच अडकेन. उद्या माझं दुकान तुम्ही चालवणार?"

"नाही," मी म्हणालो. "मला गाड्यांतलं काही कळत नाही. तरी तू मला गाडीचा मालक केलास."

त्याच्या वकिलाचं उत्तर आलं आहे. व्यवहार खरेदीदाराच्या, म्हणजे माझ्या, संमतीने झाला आणि त्याला माझी पत्नी साक्षीदार होती, असं त्यात लिहिलं आहे. तिच्याच सहीचा तिच्याच विरुद्ध पुरावा केला आहे.

गाडी चाळीखाली उभी आहे. मागच्या सीटवर तिने स्वतः ठेवलेलं एक साड्यांचं गाठोडं होतं, ते मी हिंदमाताला चालत नेऊन दिलं. कोर्टात दावा अजून दाखल व्हायचा आहे. करारावर कौसल्या अजून साक्षीदारच आहे.