मुक्कामी गाडीचा डबा

सुंदरराव मास्तर निवृत्त झाले, त्यांचं लाल पेन मात्र अजून नोकरीत आहे. त्यांच्यासोबत चौथीत असलेल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, तेव्हापासून मास्तर वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा तपासून घेतात आणि मगच धन्यवाद म्हणतात.

शेरडं राखणाऱ्या आसारामनं परवा लिहिलं, "आपल्या गावात धारूरची मुक्कामि गाडि यायची. ड्रायवर कंडक्टर टपावर झोपायचे. सकाळी ज्याची पाळी त्याच्या घरचा डबा आल्याशिवाय गाडि हालत नव्हती. सुंदरच्या परिक्षेदिवशी तर..."

बाकीचं तो टाईप करतोय तोवर मास्तरांचं उत्तर आलं. गाडी दीर्घ. मुक्कामी दीर्घ. परीक्षेतली री दीर्घ.

आसाराम गप्प झाला तो झालाच.

आता मास्तरांना चैन पडेना. स्कॉलरशिपच्या परीक्षेदिवशी ते उशिरा उठले होते. गाडी गेलीच म्हणून रडत पळत आले, तर गाडी उभी! आजवर ते पुण्य त्यांनी मारुतीच्या खात्यावर जमा धरलं होतं.

शेवटी ते माळावर गेले.

"आसाराम, पुढं काय झालतं?"

"कावून? माजं चुकंल की."

"तोंडानं सांग."

"तू तोंडाचं बी तपासशील."

"न्हाई तपासत. आईशप्पथ!"

आसारामनं एक शेरडू सावकाश दुसऱ्याच्या तुरीतनं हुसकलं, मग बसला. "पाळी आमची हुती. डबा घेऊन निघालो, तर तुमच्या दाराला आतनं कडी. दार वाजवलं, हाका मारल्या आन् देवळामागं दडलो. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. तू पळत येताना दिसलास, तवा डबा घेऊन गेलो. कंडक्टरनं कान पिळला, वरनं पिठलं गार म्हणून शिव्या."

"आन् इतकी वर्षं बोलला न्हाईस?"

"काय बोलू बे? तू नापास हून आलतास. म्हणला असतास, ह्यानंच गाडी थांबवून घात केला."

मास्तर इतके हसले की शेरडं बिचकली.

"ग्रुपवर लिहितो हे," ते म्हणाले.

"लिही. नापास बी लिही."

मास्तरांचा अंगठा त्या शब्दापाशी बराच वेळ घुटमळला. मग त्यांनी सगळं पाठवलं.

लगेच वर्गातल्या वनमालाचा मेसेज आला, "अरे सुंदर, तू तर पहिला आलो म्हणून पेढे वाटले होतेस!"