खिंडीवरची लाइन

शेजारच्या दोन बायका एकाच वेळी शिंकल्या तर कुणी मनावर घेत नाही. पण दोन वेगळ्या वाटांच्या इंटरनेट लाइनी एकाच क्षणी अडखळल्या, की मी हातातलं टाकून आकडे बघायला बसते. त्यातून त्या आठवड्यात माझा नवरा, यावोर, घळीत काम करत होता आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता.

रोदोपी डोंगरातल्या आमच्या गावाला इंटरनेट पुरवणारी कंपनी म्हणजे आम्ही तिघं. स्तामेन काका मालक, मी ऑफिसात बसून लाइनी राखते आणि यावोर केबलचे सांधे जोडतो. घाऊक कंपन्यांकडून लाइन घ्यायची आणि घरोघरी वाटायची, एवढाच आमचा धंदा. दवाखान्यातले एक्स-रे प्लोवदिव शहरातल्या डॉक्टरांकडे याच लाइनीने जातात, म्हणून काकांचा हट्ट असा की लाइनी दोन हव्यात आणि त्यांच्या वाटाही दोन. एक घळवाल्या कंपनीची, घळीत नदीकाठच्या रस्त्याखालून जाणारी. दुसरी उत्तरवाल्यांची, खिंडीवरून जाणारी.

आमच्याकडे वर्षाचे करार ऑक्टोबरअखेर, संत दिमितारच्या सणाला होतात. पूर्वी मेंढपाळांचे व्हायचे, आता आमचे होतात. त्याआधी दोन्ही कंपन्यांना तोलून बघायचं काम माझं: संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो, लाइन किती वेळा डळमळते. यंदाचे आकडे बघून काका खूश झाले. दोघी अगदी सारख्या, म्हणाले, जुळ्या बहिणी जणू. मला तेच खुपलं. खिंडीवरची वाट घळीच्या दुपटीहून लांब. लांबच्या वाटेने गेलेला माणूस जवळच्या वाटेने आलेल्याबरोबर घरी पोचला, तर बायको काय समजते? तो त्या वाटेने गेलाच नव्हता.

उत्तरवाल्यांच्या ल्युबेनला फोन लावला. हा लाइनी विकणारा माणूस गोड बोलून दगडालाही इंटरनेट विकेल. लाइन वेगवान झाली म्हणून तक्रार करणारी तुम्ही पहिलीच, असं म्हणून तो हसला. मी हसले नाही. तेव्हा हळूच म्हणाला की वसंतात वादळाने खिंडीतले खांब पाडले, म्हणून त्यांनी घळवाल्यांच्याच केबलमधले काचेचे दोन धागे भाड्याने घेतलेत. तात्पुरते. पण कागदावरच्या नकाशात वाट अजून खिंडीचीच आहे, असंही वर सांगितलं. माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता येत नाही.

काकांना सांगितलं तर ते म्हणाले, करार करताना भाव पाडू. मला भावाचं काही पडलं नव्हतं. पाऊस लागल्यापासून केबलच्या काचेतून संदेश वाहणारा उजेड रोज थोडा मंदावत होता, दोन्ही लाइनींत, सारखाच. सांध्यात पाणी गेलं असेल, असा काकांचा अंदाज. मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण पाणी गेलं की उजेड खालीवर होतो, आणि हा नुसता खाली चालला होता. जणू कुणी केबलचं टोक धरून सावकाश ओढत होतं.

त्या दिवशी सांधा बघायला यावोर घळीच्या मध्यावरचा केबलचा खड्डा उघडणार होता; घळवाल्यांची दुरुस्तीही तोच करतो. सकाळी त्याला म्हटलं, जाऊ नकोस, मला बरं वाटत नाहीये. तो म्हणाला, तुला बरं कधी वाटतं? डब्यात चीज भरलेली बानित्सा घेतली, माझ्या गालाला दाढी घासली आणि गेला. मला त्याचा राग आला होता, हे आताही खरं आहे.

दुपारी त्याचा फोन आला. प्रत्येक खड्ड्यात आम्ही केबलचं मोठं वेटोळं मोकळं सोडतो, पुढेमागे कामाला यावं म्हणून.

"रुझा, वेटोळं नाहीये," तो म्हणाला.

"चोरलं कुणी?"

"नाही गं. सगळं ओढलं गेलंय. केबल खड्ड्याच्या या भिंतीतून त्या भिंतीत सरळ ताणलीय, बोट लावलं तर वाजते." मग म्हणाला, "केबल कोण ओढणार? डोंगरच खाली सरकतोय."

मी खुर्चीतून उठले. "आहे ते टाक आणि गाडीत बस. आत्ता."

"निघतोच. झाकण लावतो आणि निघतो."

"झाकण राहू दे, यावोर."

"अगं, उघडं कसं सोडू? सगळा पाऊस आत जाईल."

सांधे जोडणारा माणूस खड्डा उघडा टाकून जात नाही. घरात आग लागली तरी हा आधी झाकण लावेल. मी पुन्हा ओरडले, तेव्हा पलीकडे लोखंड घासल्याचा आवाज आला. मग काहीच आलं नाही.

समोरच्या स्क्रीनवर दोन्ही लाइनी एकदम लाल झाल्या. गावातले मोबाइलही त्याच केबलवर, तेही गेले. पायाखालची जमीन हलली.

काका आतून धावत आले, घाईत मी सांगितलेलं विसरून. "घाबरू नको पोरी, दुसरीवर टाक. दुसरी आहे ना आपली."

"काका, दुसरी नव्हतीच."

ते खिडकीशी गेले. घळीकडे बघितलं. तिथून धुळीचा लोट उठत होता, एवढ्या पावसात. काउंटरवर कुणीतरी येऊन मॅच बंद पडली म्हणून कुरकुरत होतं. फोन अजून माझ्या कानाला होता आणि झाकण लावायला माणसाला किती वेळ लागतो, एवढं एकच मी मोजत होते.