वळणावर कलणारी गाडी

वळण आलं की ताईची गाडी आधी बाहेरच्या अंगाला कलायची, जरा विचार करायची आणि मग वळायची. उंच टपाची जुनी व्हॅन होती ती. मागची बाकं काढून तिथे लोखंडी मांडणी बसवलेली, मांडणीवर झाकणाच्या टाक्या आणि टाक्यांत रंगीत मासे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताई मासे वाढवायची आणि दुकानांना, दवाखान्यांना, हॉटेलांना स्वतः गाडी चालवत पोचवायची. नवरा गेल्यावर तिने हा उद्योग सुरू केला होता आणि त्यात ती छान रमली होती. धाकटा भाऊ पोस्टात होता. तो आपल्या बायकोमुलांसह शेजारच्याच घरात राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी मागे बसून टाक्या सांभाळायचा. म्हणजे खरं तर भिजायचा.

एकदा टेकडीवरच्या दातांच्या दवाखान्यात मासे द्यायचे होते. दवाखान्याच्या अलीकडे रस्ता पार दुमडून वर चढतो. तिथे गाडी अशी काही कलली, की वरच्या फळीवरची टाकी झाकणासकट भावाच्या मांडीवर आली. बाकी सगळे मासे पटकन उचलले, पण शेवटचा सापडेना. तो भावाच्या शर्टाच्या खिशात निघाला. दवाखान्यातल्या बाईंनी त्याला निथळताना पाहून विचारलं, "फारच दुखतंय का हो? इतका घाम आलाय."

परतताना भाऊ म्हणाला, "ताई, एक तर तू ही गाडी नीट करून घे, नाहीतर मी पोहायला शिकतो."

नवीन गाडीचा विचार करण्यात अर्थ नव्हता. ताईने दुसऱ्या दिवशी गाडी बाजारामागच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकला सगळे 'झटपट' म्हणायचे. सकाळी गाडी दिली की दुपारच्या जेवणापर्यंत किल्ली परत, अशी त्याची ख्याती होती. पन्नाशी उलटलेला, उंच, जरा वाकून चालणारा माणूस. लग्न राहूनच गेलं होतं. बोलायचा कमी, आणि बोलला तरी बहुतेक गाडीशीच.

"वळणावर कलते," ताई म्हणाली. "फार खर्च न करता काही होईल का?"

झटपटने गाडीला खांदा लावून एक धक्का दिला. गाडी होडीसारखी डुलली आणि डुलतच राहिली. मग तो मागे चढला आणि टाक्या बघत बराच वेळ उभा राहिला.

"जड सामान वर आणि हलकं खाली ठेवलंय तुम्ही. शिवाय टाक्या अर्ध्याच भरता?"

"पूर्ण भरल्या तर जड होतील म्हणून."

"अर्धी टाकी जास्त वाईट. गाडी कलली की पाणी त्याच बाजूला धावतं आणि गाडीला आणखी ढकलतं. गळ्यापर्यंत भरा, म्हणजे पाण्याला धावायला जागाच राहणार नाही. मोठ्या टाक्या जमिनीवर ठेवा आणि टपावरचा तो कॅरियर काढून टाका." त्याने चारही टायरांत हवा भरली. दारावरच्या स्टिकरवर लिहिली होती तेवढी, जराही कमीजास्त नाही, असं स्वतःशी पुटपुटत. "आठवडाभर चालवून बघा. मग या."

"पैसे?"

"हवेचे काय घ्यायचे?"

फरक पडला. भावाचे गुडघ्यांच्या वरचे कपडे कोरडे राहू लागले. पण टेकडीच्या वळणावर गाडी अजून कलायचीच. ताई पुन्हा गेली. या वेळी झटपट गाडीखाली शिरला आणि काळे, भेगाळलेले रबराचे तुकडे हातात घेऊन बाहेर आला.

"पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा एक दांडा असतो. तो गाडीला कलू देत नाही. पण तो ज्या रबरांत बसतो, ती बघा काय झालीत. दांडा नुसता खुळखुळतोय." त्याने नवीन रबरं बसवली. किंमत चहा-बिस्किटांपेक्षा फार जास्त नव्हती, आणि चहा-बिस्किटं त्यानेच मागवली. बसायला स्टूल पुसून दिलं. मग ताईला विचारलं, माशांना झोप लागते का. ताईने ती कशी लागते ते सांगितलं, आणि तो पाना हातात धरून ऐकत राहिला.

त्यापुढच्या खेपेला मागचे शॉक अॅब्सॉर्बर खराब निघाले, ते बदलले. आतलं तेल गळून पार कोरडे झाले होते. त्यानंतर त्याने मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये भंगारातला एक जादा पाटा घातला, आणि इथे मात्र गणित चुकलं. गाडी कलेना, पण प्रत्येक खड्डा तिच्या अंगात शिरू लागला. भावाचं डोकं छताला आपटलं. हॉटेलात पोचेपर्यंत मासे टाकीच्या कोपऱ्यात घाबरून एकमेकांना चिकटले होते. त्यांना स्थिरावायला संध्याकाळ झाली.

ताई थेट गॅरेजमध्ये गेली. "आधी होडी होती, आता बैलगाडी झाली. माझे मासे असे दगडासारखे आपटायचे नाहीत."

झटपटचा चेहरा उतरला. त्याने लगेच पाटा काढला. मग म्हणाला, "मला दोन दिवस द्या. एक गोष्ट शोधायची आहे."

शहरातल्या भंगारवाल्यांकडे फिरून त्याने एक वाकडा, गंजलेला दांडा आणला. याच व्हॅनच्या जड मॉडेलला तो मागच्या बाजूला असायचा. ताईच्या गाडीला कंपनीने त्याची भोकं ठेवली होती, दांडा दिला नव्हता. झटपटने तो घासून रंगवला आणि नवी रबरं घालून बसवला.

"हा पाट्यासारखा आपटणार नाही?" ताईने विचारलं.

"नाही. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर हा नुसता फिरतो, मधे पडत नाही. एकच चाक वर गेलं की मात्र पिळतो आणि दुसऱ्याला सोबत ओढतो. म्हणून गाडी सरळ राहते."

"मग आता तुम्हीच चला बघायला," ताई म्हणाली.

त्याने गॅरेजला कुलूप लावलं. भर दुपारी, कामाच्या दिवशी. पुढच्या सीटवर हात मांड्यांवर ठेवून तो शाळेतल्या पोरासारखा बसला. भावाने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. तो मागे टाक्यांमध्ये. टेकडीचं ते दुमडलेलं वळण आलं. ताईने वेग नेहमीइतकाच ठेवला. गाडी किंचित झुकली, सावरली आणि निमूटपणे वळली.

मागे शांतता होती. ताईने घाबरून विचारलं, "अरे, आहेस ना?"

"आहे. पेपर वाचतोय," भाऊ म्हणाला. "छान आहे इथे."

झटपट खिडकीबाहेर बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

रात्री जेवताना भाऊ म्हणाला, "ताई, एक विचारू? त्याला झटपट म्हणतात ना? मग आपल्याच गाडीला महिना कसा लागला?"

"स्वस्तात करायचं म्हटल्यावर वेळ लागतोच."

"आणि सगळी गल्ली तुला ताई म्हणते. भाजीवाला म्हणतो, डॉक्टर म्हणतात, माझा साहेबसुद्धा म्हणतो. हा माणूस एकदा तरी ताई म्हणाला का?"

ताई घास घेता घेता थांबली. तिला आठवेना. 'अहो' म्हणाला होता, 'तुम्ही' म्हणाला होता, बऱ्याचदा नुसताच घसा खाकरला होता. ताई मात्र खरंच कधी नाही. भाऊ डाळ वाढून घेत गालातल्या गालात हसत होता.

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजमध्ये गेली. गाडीला काहीही झालेलं नव्हतं.

"पुन्हा कलते का?" झटपटने धावत येऊन विचारलं.

"नाही. झकास चालते. आता काही काम उरलं नाही ना?"

तो फडक्याने हात पुसत राहिला. हात आधीच स्वच्छ होते. "तसं... वायपर जरा करकरतो."

"खरं सांगा. हे सगळं एका दिवसात झालं असतं?"

"झालं असतं," तो म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. "पण एका वेळी एकच बदल केला की कशाने काय झालं ते कळतं. आणि..."

"आणि?"

"आणि तुम्ही परत येता."

ताईला हसू आलं, आणि हसताना आपण किती दिवसांनी असं लाजतोय हेही कळलं. मग एकदम आठवून तिने डोळे वटारले. "म्हणजे तो पाटाही मुद्दाम चुकवलात?"

"नाही हो! शपथेवर सांगतो, ती माझी खरी चूक. रात्रभर झोपलो नाही मी. मासे कसे असतील म्हणून."

ताईने स्टूल ओढलं आणि बसली. "मला इथे यायला गाडी बिघडायलाच हवी असं काही नाही," ती म्हणाली. "चहा मागवा."

थंडी सरताना दोघांनी नोंदणी ऑफिसात जाऊन लग्न केलं. साक्षीदार म्हणून भावाने सही केली आणि बाहेर येताच सगळ्यांदेखत मोठ्याने 'दाजी' अशी हाक मारली. झटपटला ती आपल्यालाच मारली आहे हे कळायला जरा वेळ लागला.

आता तो संध्याकाळी हात धुऊन शेडमध्ये येतो आणि टाक्यांपुढे खुर्ची टाकून बसतो. माशांची नावं त्याला अजून पाठ झालेली नाहीत. "तो मिशीवाला आज जेवला नाही," असं काहीतरी तो सांगतो. कोणता मिशीवाला ते ताईला बरोबर कळतं, आणि ती चिमूटभर खाणं घेऊन उठते.